चूक क्रमांक अडतीसमधील बाईबाबत

प्रति,
मा. मुख्य जतन अधिकारी,
चित्रपट जतन व दुरुस्ती कार्यालय,
तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

विषय : चित्रपट नोंद क्र. ४१२ मधील चूक क्र. ३८ मागे घेणे व त्याच दृश्यातील खरी चूक नोंदवून घेणे याबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराने पाठवलेली चुकांची यादी, एकूण चुका ६३. (२) आपले अभिनंदनाचे पत्र. (३) आपले दि. २ मार्चचे पत्र, सोबत ‘आधी’ व ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे.

महोदय,

१. खाली सही करणारा अर्जदार चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करीत आहे. गल्लीत त्याला काटेकाका म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याची चौकशी अर्जदाराने केलेली नाही. चित्रपट आणि मालिकांमधील चुका शोधणे हा त्याचा छंद. नायिका जिना चढू लागते तेव्हा कानात मोती असतात, वर पोहोचते तेव्हा कान मोकळे. अर्धा प्यालेला चहाचा पेला पुढच्या क्षणी काठोकाठ भरलेला. खून होऊन पडलेल्या म्हाताऱ्याची पापणी लवते. घरची मंडळी डोळे पुसत बसलेली असताना अर्जदार या गोष्टी वहीत टिपून घेत असे. पत्नी कधीतरी म्हणे, ‘‘अहो, ती बिचारी रडतेय कशाला, ते तरी बघा.’’ अर्जदाराचे लक्ष तेव्हा बिचारीच्या मागच्या कॅलेंडरवर असे. महिना चुकलेला असे, हेही येथे नमूद करणे भाग आहे.

२. आपल्या कार्यालयाने चित्रपट क्र. ४१२ धुऊनपुसून नवा करण्याचे काम हाती घेतले आणि जाहीर निवेदन देऊन प्रेक्षकांकडून त्यातील चुका मागवल्या, तेव्हा अर्जदाराला आकाश ठेंगणे झाले. कारण हा चित्रपट एकतीस वर्षांपूर्वी अर्जदाराच्याच रस्त्यावर तीन दिवस चित्रित झाला होता. एका दृश्यात अर्जदार स्वतः आपल्या दुकानाच्या दारात उभा आहे. ‘‘रोजच्यासारखे उभे राहा’’ असे त्याला सांगण्यात आले होते आणि तो तसाच उभा राहिला. अर्जदाराने टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या, पाऊस पडल्यासारख्या रेघोट्यांनी भरलेल्या प्रतीवरून डोळ्यात तेल घालून त्रेसष्ट चुका काढल्या. त्यातील एकोणीस आपण मान्य केल्या. आपले अभिनंदनाचे पत्र अर्जदाराने चौकट करून दुकानात लावले. आता ते उतरवले आहे.

३. मान्य झालेल्या चुकांपैकी क्र. ३८ चा मजकूर अर्जदाराच्या हस्ताक्षरात असा आहे : ‘घड्याळाच्या दुकानासमोरील इमारत, दुसरा मजला, बाल्कनीत एक अनोळखी बाई. केस मोकळे, अंगात पुरुषी शर्ट. आधीच्या व नंतरच्या तुकड्यात बाल्कनी रिकामी. बाई अडीच सेकंद हात हलवते. कथेशी संबंध नाही. काढून टाकावी.’ शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ आहे. तीही अर्जदारानेच ओढलेली आहे.

४. दि. २ मार्चच्या पत्रासोबत आपण त्या दृश्याची दोन छायाचित्रे पाठवलीत. ‘आधी’मध्ये रेघोट्या काढून चित्र स्वच्छ केलेले, बाई आहे तशी. ‘नंतर’मध्ये बाल्कनी रिकामी. अर्जदाराची मुलगी टेबलाशी बसून पत्र वाचत होती. तिने पहिले छायाचित्र खिडकीकडे धरले, बराच वेळ धरले आणि म्हणाली, ‘‘बाबा, ही आई आहे.’’

अर्जदार म्हणाला, ‘‘काहीतरीच काय.’’

‘‘शर्ट तुमचा आहे, बाबा. खिशावर शाईचा डाग आहे. जगाचे डाग दिसतात तुम्हाला, स्वतःच्या शर्टावरचा दिसला नाही?’’

अर्जदाराने भिंग डोळ्याला लावून पाहिले. डाग होता. पत्नीही होती.

५. पत्नी नऊ वर्षांपूर्वी वारली. तिची घरात दोनच छायाचित्रे आहेत. एक लग्नातले, त्यात तिने मान खाली घातलेली आहे. दुसरे ओळखपत्रावरचे, त्यात कोणीच स्वतःसारखे दिसत नाही. हलती-चालती अशी ती जगात फक्त या अडीच सेकंदांत उरली आहे. तिला ओळखले कसे नाही, असे आपण विचाराल. मुलीने विचारलेच. अर्जदाराचे घर त्या इमारतीत असले तरी मागच्या बाजूला. रस्त्यावरची ती बाल्कनी शेजारच्या शिंपीणबाईंची. पत्नीचे केस अर्जदाराने कायम अंबाड्यात पाहिलेले. त्या दिवशी ती न्हालेली होती. जुनी प्रत धूसर होती. या सगळ्या सबबी आहेत हे अर्जदार जाणतो. चित्रपट पहिल्यांदा लागला तेव्हा दोघे मिळून पाहायला गेले होते. नेमक्या त्या दृश्याला पत्नीने त्याला कोपराने ढोसले होते. अर्जदार तेव्हा पडद्यावरच्या आपल्याच दुकानातल्या घड्याळाचे काटे मोजत होता. ‘‘थांब गं, बघू दे,’’ असे तो म्हणाला. त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

६. आपल्या पत्रात असे आहे की, पंधरा दिवसांत लेखी हरकत न आल्यास दुरुस्ती अंतिम समजून ‘आधी’ची प्रत कायमची पुसली जाईल. म्हणून अर्जदार मुलीसह दि. ५ मार्च रोजी आपल्या कार्यालयात हजर झाला. तेथील तंत्रज्ञबाईंनी सौजन्याने दुरुस्त केलेला भाग दाखवला. दुकानातल्या घड्याळाचे काटे त्यांनी एकेक चौकट घेऊन फिरवले आहेत. आता सर्व तुकड्यांत चार वाजून दहा मिनिटेच दिसतात. काम वाखाणण्यासारखे आहे आणि एका घड्याळवाल्याचे हे प्रशस्तिपत्र आपण त्यांच्या सेवापुस्तकात नोंदवावे. बाल्कनीही रिकामी झाली आहे. मात्र बाल्कनीच्या बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या नळाला लागून, एका बाईची सावली राहून गेली आहे. ती हात हलवते.

७. तंत्रज्ञबाई खजील झाल्या. म्हणाल्या, ‘‘काका, माणूस काढला की सावलीही काढावी लागते. ही नजरेतून सुटली बघा. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, उद्याच पुसते.’’ अर्जदाराने आयुष्यात पहिल्यांदा, दिसलेली चूक लिहून देण्यास नकार दिला.  जिना उतरल्यावर मुलीने अर्जदाराचा हात धरला. असा ती शाळेत असताना रस्ता ओलांडताना धरत असे.

८. यापुढील मजकूर कार्यालयीन कामकाजाशी सुसंगत नाही याची अर्जदाराला कल्पना आहे, तरी तो नोंदीवर असावा. दि. ६ पासून अर्जदार रोज चार वाजून दहा मिनिटांनी दुकानाच्या दारात येऊन समोर वर पाहतो. बाल्कनीत बहुधा शिवायचे कपडे टांगलेले असतात. उन्हाने त्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात आणि त्या कपड्यांच्याच असतात, हे अर्जदाराने प्रत्येक वेळी ताडून पाहिले आहे. दि. ९ रोजी कपडे नव्हते, बाल्कनीत कोणी नव्हते आणि नळाला लागून भिंतीवर सावली होती. हात वर होता. त्या दिवशी आभाळ भरलेले असल्यामुळे रस्त्यावर दुसऱ्या कशाचीच सावली पडलेली नव्हती. अर्जदाराने चष्म्याचा नंबर तपासून घेतला आहे, बदललेला नाही. दुकानाची चावी घ्यायला आलेल्या मुलीने त्याला दारात उभे पाहिले. ‘‘बाबा, आत चला,’’ एवढेच ती म्हणाली. तिला काही दिसले की नाही, हे विचारण्याचा धीर अर्जदाराला झाला नाही.

अर्जदार घाबरला आहे. तो भुताला घाबरला, असा अर्थ काढू नये. माणूस काढून टाकला तरी त्याचे थांबणे तेवढे मागे राहते, हे पाहून तो घाबरला.

९. दि. १० रोजी अर्जदार शिंपीणबाईंकडे गेला. या बाई आता ऐंशीच्या घरात आहेत, पण स्मरण ठणठणीत आहे. त्यांचा जबाब सोबत जोडला आहे. तो त्यांच्याच शब्दांत येणेप्रमाणे : ‘‘आठवत नाही कसं? डोक्यावरून पाणी घेऊन तशीच आली होती धावत, तुमचा शर्ट अडकवून. म्हणाली, ते खाली उभे आहेत, त्यांना दाखवते की मी पण सिनेमात आले. मग हात करत बसली. दोन-अडीच तास. खालून लोक ओरडायचे, बाई आत व्हा, बाई आत व्हा. ही आत व्हायची, परत यायची. मी म्हटलं, अगं, तो तुझा काटेकाका त्या नटाच्या मनगटाकडे बघतोय, त्याची मान काही वर होत नाही. चल, चहा टाकलाय. तर म्हणाली, त्यांनी एकदा वर बघितलं की जाते. ... नाही हो, रागावली वगैरे नाही. हसत होती. अंधारून आलं, सगळे सामान आवरून निघाले, तेव्हा मीच तिला घरात ओढली.’’

अर्जदाराने हा जबाब आपल्या हाताने लिहून घेतला. लिहिताना दोनदा थांबावे लागले, त्यामुळे शाई पसरली आहे, क्षमस्व.

१०. त्यानंतर अर्जदाराने ‘आधी’चे छायाचित्र पुन्हा तपासले. या खेपेस त्याने बाल्कनी झाकून उरलेली चौकट पाहिली. खालच्या डाव्या कोपऱ्यात, दुकानाच्या दारात, तीस-बत्तीस वर्षांचा एक माणूस उभा आहे. रस्त्यात घोळका आहे, दिवे आहेत, दोन नट आहेत. बाल्कनीतली बाई बरोबर त्याच्याकडे पाहून हात हलवते आहे. माणसाची मान खाली आहे. कपाळाला आठी आहे. या माणसाला अर्जदार एकतीस वर्षे मोठ्या अभिमानाने दाखवत आला. पाहुण्यांना दाखवले, गिऱ्हाइकांना दाखवले, नातवंडांना दाखवले. त्याच्यात काही चुकले आहे, असे कोणाच्याही ध्यानात आले नाही. त्रेसष्ट चुका काढणाऱ्यालाही ही दिसली नाही.

११. सबब विनंती की :

(अ) चूक क्र. ३८ ही चूक नव्हती असे समजून ती रद्द करावी आणि बाईस तिच्या जागी परत आणावे. तोपर्यंत सावलीस हात लावू नये.

(ब) खरी चूक क्र. ६४ म्हणून अशी नोंदवावी : ‘दुकानाच्या दारातील माणूस, समोरून पत्नी हात करीत असता, वर पाहत नाही.’

(क) सदर चूक आपल्या तंत्रज्ञबाईंकडून दुरुस्त करून घ्यावी. ज्यांना चालते घड्याळ थांबवून दाखवता येते, त्यांना एका माणसाची मान उचलणे अवघड जाऊ नये. फार उचलावी लागणार नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत. चेहऱ्यावर काय भाव असावेत याबद्दल अर्जदाराचा काही आग्रह नाही. नुसते पाहिले तरी पुरे. अडीच सेकंदांपैकी एक सेकंद पुरेल.

(ड) दुरुस्ती झाल्यावर ते दृश्य अर्जदारास एकदा दाखवावे, व त्या वेळी मुलगी सोबत असू द्यावी. बाईस बाल्कनीतून काढण्यासाठी कार्यालयाने पुन्हा कष्ट घेऊ नयेत. त्याने वर पाहिले की ती आपण होऊन आत जाईल.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
घड्याळ दुरुस्ती दुकानदार,
उर्फ काटेकाका

दिनांक : १२ मार्च

सोबत :
१. दि. २ मार्चच्या पत्रासोबत आलेले, दुरुस्ती मान्य असल्याचे समाधानपत्र, सही न करता परत.
२. शिंपीणबाईंचा जबाब, अंगठ्यासह.
३. अर्जदाराचे एकतीस वर्षांपूर्वीचे छायाचित्र. समोरून काढलेले, मान वर, डोळे उघडे. दुरुस्तीसाठी वापरावे.