बाबांच्या वतीने

रविवार, २२ फेब्रुवारी

आज परत प्रचाराला दारोदार. पत्रक आत सरकवताना दारातल्या टपालाच्या फटीला लावलेल्या ब्रशमध्ये बोटं अडकतात, आणि पलीकडे कुत्रं असेल तर संपलंच! माझ्यासोबत प्रचाराला येणारा समर म्हणाला, लाकडी उलथनं आणत जा, त्याने ढकलायचं. मला वाटलं चेष्टा करतोय. त्याच्या बॅगेत खरंच उलथनं होतं.

एका दारात एक आजोबा भेटले. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं — इथल्या सरकारने परदेशी मदतीचा निधी कापून संरक्षणाकडे वळवलाय, मलावीतल्या दवाखान्यांचे पैसे थांबलेत, डॉ. रूथ त्याविरुद्ध अपक्ष उभ्या आहेत, पोटनिवडणूक बारा मार्चला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून तारीख मिळत नाही आणि तुला मलावीची काळजी.

मलावीतले बायकांचे ते दवाखाने मी नोकरी करते तीच संस्था चालवते, ते या मार्चअखेर बंद होतायत, तिथल्या सिस्टर ग्रेसशी मी रोज बोलते — हे सांगता आलं असतं. पण त्यांचा गुडघाही खरा होता.

समर म्हणाला, यादीत त्यांच्या नावापुढे 'नाही' लिही आणि चल पुढे. मी 'कदाचित' लिहिलं. "तू ना," म्हणाला, "उद्या समोरच्या पार्टीच्या कँडिडेटला पण 'कदाचित' लिहिशील."

मंगळवार, २४ फेब्रुवारी

बाबा सत्ताधारी पक्षाला मत देणार. वरण वाढून घेता घेता सांगितलं. उद्या पाऊस आहे, अशा सुरात.

माझा घास हातातच राहिला. मी तीन आठवडे गल्ल्या तुडवतेय, आणि आमच्याच घरात!

पण आमच्याकडे वाद घालायची एक रीत आहे. आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची. तीही अशी, की तो म्हणाला पाहिजे — हो, मला हेच म्हणायचं होतं. तोवर स्वतःचं काही बोलायचं नाही. ही रीत माझ्यामुळेच सुरू झाली. पाचव्या वर्षी मला शाळेत घातलं आणि मी बोलायचीच बंद झाले. तिथेही, घरीही. शेवटी बाबांनी शाळेला कळवलं की मुलीला घरीच शिकवतो. विमानतळावर कार्गोची रात्रपाळी करून यायचे, अंघोळ, चहा, आणि मग मी. पेपरातली एक बातमी घ्यायची, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ते, मग अदलाबदल. आई दुकानात कामाला निघताना म्हणायची, पोरीला बोलती करा म्हटलं होतं, भांडखोर नाही. अकराव्या वर्षी मी परत शाळेत गेले. तोपर्यंत मला एवढं कळलं होतं की समोरच्याचं म्हणणं आधी नीट सांगितलं, की तो आपल्यावर ओरडत नाही.

तर आज बाबांची बाजू मी मांडली. युरोपात इतकी वर्षं युद्ध चाललंय. दोस्त देश कधी पाठ फिरवतील सांगता येत नाही. एकाहत्तर साली बाबा मुंबईत होते, सात वर्षांचे. खिडक्यांना काळे कागद, सायरन झाला की जिन्याखाली. तेव्हा आजीच्या पदराला धरून त्यांना एवढंच हवं होतं, की वरची विमानं पाडणारं आपलं कोणीतरी जागं असावं. तसं कोणी असेल तरच पुढे दवाखाने, शाळा, सगळं.

"हो," बाबा म्हणाले. "हेच." आणि चष्मा काढून पुसत बसले.

मग त्यांनी माझी बाजू मांडली. माझ्यापेक्षा चांगली! सिस्टर ग्रेसचं नावसुद्धा त्यांच्या लक्षात होतं.

तरी मत तिकडेच.

शुक्रवार, ६ मार्च

चुरस आहे म्हणतात. "एकेक मत महत्त्वाचं आहे" — आज हे इतक्या दारांत बोललेय की आता खोटं वाटायला लागलंय.

मंगळवार, १० मार्च

बाबा हॉस्पिटलमध्ये. सकाळी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेले आणि भिंतीला धरून खाली बसले. शेजारच्या बाईंनी पाहिलं म्हणून.

अँब्युलन्समध्ये मला म्हणाले, बिन आत घे.

बुधवार, ११ मार्च

हृदयाच्या नळ्या बंद आहेत. बायपास करायचं, तेही उद्या सकाळीच. डॉक्टरीणबाई फार प्रेमाने बोलल्या. त्याचीच भीती वाटली.

त्या गेल्यावर बाबांचा पहिला प्रश्न — उद्याच्या मताचं काय?

आई म्हणाली, कमाल आहे तुमची. पण मला माहीत होतं ते विचारणार. त्यांचा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, पण कॉमनवेल्थमधले म्हणून इथे मत आहे. हे इथे आल्यावर कळलं तेव्हा त्यांना खरंच वाटेना. परक्या देशात भाडेकरूलाही विचारतात, म्हणाले होते. तेव्हापासून कौन्सिलची असो की पार्लमेंटची, एक निवडणूक चुकवलेली नाही.

अचानक आजारी पडलेल्या माणसाला ऐनवेळीही प्रॉक्सी नेमता येतो. म्हणजे त्याच्या वतीने दुसरं कोणी जाऊन मत टाकायचं. वॉर्डच्या नर्सने सही दिली. प्रॉक्सी कोण, असं तिने विचारलं आणि बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

मी म्हटलं, बाबा, मी? आईला सांगा ना.

"ती तिला पटेल तिथे फुली मारेल. आणि वर मला येऊन सांगेल."

"मग?" आई म्हणाली. "खोटं सांगू?"

तिघंही हसलो. नर्सला वाटलं असेल, यांचं काय चाललंय.

आई चहा आणायला गेली तेव्हा बाबांनी माझा हात धरला. सलाइनची सुई होती, म्हणून उलट्या हाताने. "तुला त्रास होईल हे माहितेय मला," म्हणाले. "पण माझं म्हणणं तू माझ्यासारखं मांडतेस. दुसऱ्या कोणाला जमत नाही ते."

तो अर्ज घेऊन मी कौन्सिलच्या ऑफिसात पाच वाजायच्या आत पोचले. येताना बसमध्ये रडले. लोक अशा वेळी इथे खिडकीबाहेर बघतात, बरं असतं.

गुरुवार, १२ मार्च

हे सगळं लिहून ठेवायला हवं, नाहीतर मी उद्यापासून ते मनात बदलत बसेन.

आई पहाटेच हॉस्पिटलमध्ये गेली. बाबांनी मला बजावलं होतं, आधी मत, मग इकडे. मतदान केंद्र उघडतानाच पोचले. शाळेचा हॉल, भिंतीवर मुलांनी रंगवलेली पेंग्विनं. दाराशी समर आमच्या बाजूचा म्हणून बसलेला, बिल्ला लावून, थंडीने लाल झालेला. बाबांचं विचारलं. प्रॉक्सीचं कळलं त्याला. मग हळूच म्हणाला, अंकलचं मत पण आपल्याला टाक ना. कोण बघतो? तुझा बाबा तर तुला ओरडणार पण नाही.

चेष्टेत म्हणाला. निदान निम्मं तरी चेष्टेत.

टेबलावरच्या बाईंनी माझ्या ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, दोन कागद दिले — एक माझा, एक बाबांचा. आडोशात गेले. दोरीला बांधलेली पेन्सिल. माझा कागद आधी केला, डॉ. रूथ, चटकन. तो घडी करून उजव्या खिशात. मग बाबांचा.

आणि हात चालेना.

सिस्टर ग्रेस डोळ्यांसमोर आली. परवा फोनवर म्हणाली होती, आम्ही बायकांना अजून सांगितलेलं नाही, एप्रिलच्या तारखा देतोय. माझ्या एका फुलीने तिचा दवाखाना वाचणार नव्हता, हे मला कळतं. पण मग एकेक मत महत्त्वाचं असं मी कुणाला सांगत होते? आणि बाबा उठतील की नाही हेही माहीत नाही. उठले तर विचारणार नाहीत, ते कधीच विचारत नाहीत. नाही उठले, तर हे त्यांचं या देशातलं शेवटचं बोलणं. ते मी माझ्या तोंडाने बोलून टाकायचं?

कोणी बघत नव्हतं. म्हणूनच तर त्यांनी मला नेमलं.

सत्ताधारी पक्षासमोर फुली मारली. नाव पुन्हा पुन्हा वाचलं. दोन्ही कागद पेटीत टाकले. आमच्या घरातली दोन मतं एकमेकांवर पडली आणि हिशेब शून्य झाला.

बाहेर येऊन आईला फोन केला. बाबांना नुकतंच आत नेलं होतं. काही म्हणाले का, विचारलं. आई क्षणभर थांबली. नाही, म्हणाली, तू तुझं काम केलंस ना? मग ये आता.

समरने कुठे फुली ते विचारलं नाही, नुसता त्याचा कोमट चहा पुढे केला. चांगला मुलगा आहे.

(नंतर) ऑपरेशन झालं. नीट झालं! भेटू दिलं, पण शुद्धीत नाहीत. पाय गार होते. मी माझे लोकरीचे मोजे काढून घातले त्यांना. नर्स म्हणाली, गुलाबी आहेत. म्हटलं, चालतील त्यांना.

शुक्रवार, १३ मार्च

आम्ही हरलो. थोडक्यात. इतकं थोडक्यात की मतं परत मोजली.

रविवार, १५ मार्च

बाबा आज उशीला टेकून बसले. निकाल त्यांना नर्सकडून कळला होता. मला जवळ बोलावलं. आवाज अजून खरखरीत. "वाईट वाटलं गं," म्हणाले. "पण तुझ्या डॉ. रूथबाईंना या वेळी माझंही मत होतं. आत नेताना आईला सांगितलं होतं मी, अक्षूला म्हणावं, माझीही फुली तिच्याच माणसाला मार. निरोप मिळाला ना?"

मी आईकडे पाहिलं. ती संत्र्याच्या फोडीवरचे दोरे काढत होती, मान खाली.

"मिळाला, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. चेहरा इतका सुखाचा, की मला बघवेना.

बाहेर लिफ्टपाशी आईला विचारलं, का नाही सांगितलंस? तिने पर्समध्ये उगाच काहीतरी शोधलं. मग म्हणाली, "घाबरले होते गं ते. घाबरलेला माणूस सगळं देऊन टाकतो. मी घेतलं नाही."