पाचवं शील

मळा, १४ ऑक्टोबर २०२४

ती. प्रभाताईस,
नागसेनचा सप्रेम जय भीम. वि. वि.

धम्मचक्र दिनाला परतूरला आलो नाही म्हणून तू फुगून बसली असशील. पण आमच्या ‘काडीचूल’ला गर्दी होते ती नेमकी सुट्टीच्याच दिवशी. जालन्याचे कारखानदार, संभाजीनगरचे डॉक्टर गाड्या लावून बांधावर बसतात. छाटणीत निघालेल्या द्राक्षाच्या काड्या जाळायच्या आणि त्यावर भाकरी, भरीत, हंडीतलं मटण करून वाढायचं, एवढंच आपलं हॉटेल. आईची चूल होती तशीच आहे गं, पण हे लोक तिचे फोटो काढतात!

येत्या सव्वीस तारखेला वाईन कंपनीचे साहेब जेवायला येणार आहेत. त्यांना जागा पसंत पडली तर दर शनिवारी त्यांचे पाहुणे इकडेच येतील. नाही पडली तर शाळेची नोकरी सोडून चूक केली असं सगळे म्हणतील, आणि मलाही ते पटेल.

सध्या फळछाटणी चालू आहे. वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकदम फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला औषधाची पेस्ट लावावी लागते. मजूर सांडून ठेवतात, म्हणून मीच लावून राह्यलो. हातमोजे घातले की डोळा बोटाला सापडत नाही, त्यामुळे नुसत्या हातानेच.

दोन-तीन दिवस झाले, संध्याकाळी तोंड लालबुंद होतं आणि छाती धडधडते. रूपाली म्हणते, चुलीची धग बसली. तसंच असेल. इथे डोंगराच्या आडोशाला रेंज नाही, तेव्हा पत्रच लिही. आहे तसा जीव लावत राहा.

तुझा,
नागसेन


परतूर, १८ ऑक्टोबर

चि. नागसेन यास,
अनेक आशीर्वाद.

दुखणं अर्धं सांगायची तुझी खोड शाळेपासूनची आहे. ताप आला की तू पोट दुखतं म्हणायचास! मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, माझ्यापासून काय लपवणार? जालन्याला जाऊन बीपी तपासून घे. धगीपुढे ताक पी. आणि औषध नुसत्या हाताने लावतोस हे वाचून मी कपाळाला हात लावला. मोजे घाल, डोळा नाही सापडला तर नाही सापडला.

तुझ्याकडे लोक पेले घेऊन बसतात, हे मला आवडत नाही. पण तू शीलाचा पक्का आहेस. आईला अग्नी दिल्यावर विहारात तू पंचशील म्हणालास, तेव्हा पाचव्या शीलाला तुझा आवाज सगळ्यांत मोठा होता. आपल्या घरात कुणी दारूला शिवत नाही, हे मी माझ्या आकांक्षाच्या सासरी किती वेळा सांगते. जावई धर्मराज तर तुझंच उदाहरण देतात. मला तुझा अभिमान आहे.

तुझं मंगल होवो. रूपालीला आशीर्वाद.

प्रभाताई


मळा, २२ ऑक्टोबर

ती. ताई यांस,
रूपालीचा जय भीम. वि. वि.

हे पत्र चोरून लिहिते. तुमच्या पत्रातली शीलाची ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि ताटावरून उठून गेले.

ताई, ते घेतात. पाहुणे चिडवायचे, की मालकच आपल्याकडची वाईन पीत नाही म्हणजे काहीतरी भानगड आहे. म्हणून ऑगस्टपासून त्यांच्यासोबत एक पेला उचलतात. मी भांडले तर म्हणाले, की ही काय दारू न्हाई, वेलीचाच रस आहे. धम्मचक्र दिनाला आले नाहीत ते गर्दीमुळे नाही. तुमच्या शेजारी उभं राहून पाचवं शील म्हणायची हिंमत झाली नाही.

पण आधी दोन महिने काही होत नव्हतं. छाटणी लागल्यापासून पेला घेतला की डोळे तांबडे होतात, श्वास लागतो. परवा तर खांबाला धरून उभे होते. तपासून घ्या म्हटलं तर सव्वीस तारखेनंतर बघू म्हणतात. मला फार भीती वाटते. मी लिहिलं हे मात्र त्यांना कळू देऊ नका.

तुमची,
रूपाली


परतूर, २६ ऑक्टोबर, दुपारी एक

नागसेन,

रूपालीचं पत्र आत्ता हाती पडलं. जय भीम, आशीर्वाद सगळं नंतर. आज पेल्याला तोंड लावू नकोस. एक घोटही नको.

तू जी पेस्ट लावतोस ती अंगात भिनते, आणि मग शरीराला दारू पचवता येत नाही. वाईनही दारूच आहे. दर छाटणीत आमच्या दवाखान्यात असे मजूर यायचे, तोंड लाल, श्वास कोंडलेला. बहुतेक वाचले, दोघं वाचले नाहीत. शेवटची पेस्ट लावल्यावर निदान आठवडाभर अजिबात घ्यायची नाही. आधीच घेतली असशील तर हे पत्र घेऊन तडक जालन्याच्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाखव.

तुमचे फोन लागत नाहीत, म्हणून धर्मराजना मोटारसायकलवर पाठवते. त्यांना काही सांगितलेलं नाही. जावयासमोर तुझी मान खाली जायला नको, म्हणून पाकीट चिकटवलंय. तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय.

शील मोडलं असेल तर मोडलं. आपण पुन्हा घेऊ. मीच तुला एवढा धाक घातला, माझं चुकलं. तू तेवढा राहा.

ताई


मळा, २६ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच

ती. प्रभाताईस,
सप्रेम जय भीम.

धर्मराजनी पाकीट हातात दिलं. पातळच आहे, पण हाताला जड लागलं. मी फोडलं नाही.

रूपाली कबूल झाली, की तिने तुला सगळं लिहिलं. तेव्हा आत काय आहे ते मला पाठ आहे. तू बोलायलाच पाहिजेस. पण आत्ता वाचलं तर साहेबांसमोर पेला उचलवणार नाही. म्हणून खिशात ठेवलंय. उद्या सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे बसून वाचतो, सगळं खाली मान घालून ऐकतो. त्यानंतर आयुष्यात कधी पेला उचलणार नाही, हा माझा शब्द.

आज मन हलकं आहे, ताई. राहिलेल्या तीनशे वेलींना दुपारी पेस्ट लावून झाली. मोजे घातले नाहीत, तेवढं माफ कर. काड्या छान पेटल्यात, निखारा पडून राह्यला. आज एकच पेला, आणि तो शेवटचा.

धर्मराज जल्दी करून राह्यले, अंधार पडायच्या आत परतूर गाठायचंय म्हणतात. साहेबांची गाडी वळणावर दिसते आहे. रागव, पण माया कमी करू नकोस.

तुझाच,
नागसेन