अण्णांनी कोरा सोडलेला रकाना

अण्णा, तुमच्यावर मी आयुष्यात एकदाच ओरडले आणि तेही इन्कम टॅक्सवरून. दुसऱ्यांच्या घरात मुली लग्नावरून भांडतात, उशिरा आल्यावरून बोलणी खातात. आपल्या घरात भांडण झालं ते एका रकान्यावरून, जो तुम्ही कोरा सोडला होता. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या तेव्हाच्या वयाला मी येऊन पोचले आहे आणि तुमचंच काम करते आहे. फरक इतकाच की तुम्ही ते स्वयंपाकघरात बसून फुकट करायचात आणि मी भिवंडीत एक गाळा भाड्याने घेऊन, फी घेऊन करते.

फेब्रुवारी लागला की शाळेतले सर आणि बाई तुम्हाला आधी नमस्कार करायला लागतात, असं आई हसून म्हणायची. तुम्ही हायस्कूलमध्ये साधे क्लार्क होतात, पण सगळ्यांच्या टॅक्सची स्टेटमेंटं तुमच्याकडे यायची. रविवारी दुपारी तुम्ही पाटावर बसला आहात, मांडीवर लाकडी फळी आहे, आई तिकडे भाकरी थापते आहे आणि मी एकेक विम्याची पावती मोठ्यानं वाचते आहे. मोठ्यानंच वाचावं लागायचं. कामतघरच्या आपल्या चाळीमागे कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने होते आणि त्यांच्या खडखडाटात हळू बोलणारा माणूस कुणाला ऐकूच जायचा नाही. कुणाचा विमा, कुणाचं घरभाडं, कुणाची पोस्टातली बचत, प्रत्येकाला कशातून किती वजावट मिळेल ते तुम्ही शोधून काढायचात. कुणाचा टॅक्स थोडा कमी झाला की तुमच्या चेहऱ्यावर असं समाधान, की जणू आपल्याच घरात काही आलं. एकदा मी विचारलं होतं की आपलं स्टेटमेंट कुठाय. तुम्ही म्हणालात, आपला पगार सरकारनं आखलेल्या रेषेच्या खाली आहे, आपल्याला टॅक्स लागत नाही. मला तो मोठा मान वाटला होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं की आमच्या घरी टॅक्स माफ आहे, आणि बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

माझा डावा पाय मी दीड वर्षाची असताना पोलिओनं गेला. भिंतीपलीकडच्या खोलीत भाभी राहायची. तिचा नवरा लूमवर होता, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. तिची मुलगी माझ्याहून वर्षानं लहान, तिचे दोन्ही पाय गेलेले. आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून सागरगोटे खेळायचो, कारण बाकीच्या मुली खेळायच्या ते खेळ आमचे नव्हते. ठाण्याच्या हॉस्पिटलात पाय दाखवायला तुम्ही आम्हा दोघींना एसटीनं न्यायचात. तिला कडेवर घ्यायचात, मला हाताला धरून चालवायचात. मला तेव्हा तिचा हेवा वाटायचा.

मी बारावीला असताना गणिताचे सर घरी पेढे घेऊन आले. त्यांचा मुलगा जन्मापासून मंदबुद्धी होता. अपंग मुलाला सांभाळणाऱ्याला उत्पन्नातून वजावट मिळते हे तुम्ही परिपत्रकात वाचलं होतं, त्यांच्याबरोबर ठाण्याला जाऊन सरकारी डॉक्टरचा दाखला आणला होता, आणि त्या वर्षी त्यांचा टॅक्स बराच उतरला होता. अशा गोष्टी चाळीत पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळी भाभी दारात उभी. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "भाईसाहब, मास्टरजी के बेटे का जो फॉर्म भरा, वो मेरी बच्ची का भी भर दो."

तुम्ही तुमच्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिला समजावलंत. ही टॅक्समधली सूट आहे, तुमच्या नवऱ्याचा टॅक्स कापलाच जात नाही, मग सूट कशातून मिळणार. ती म्हणाली, कापण्याइतकं हातात येतच कुठे. मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "मतलब, जिसका पूरा पड़ता है उसको छूट, और जिसका पूरा नहीं पड़ता उसको कुछ नहीं?"

तुम्ही तिला बसा म्हणालात, आणि ती बसली नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेचे कागद घेऊन तुम्ही टॅक्सच्या ऑफिसात गेलात तेव्हा तिथल्या साहेबांना हे विचारलंत. साहेब भला माणूस होता, त्यानं तुम्हाला चहा पाजला आणि सांगितलं की रेषेखालची माणसं आमच्या खात्यात येतच नाहीत, त्यांच्याकडून आम्ही घेत नाही तसं त्यांना देतही नाही. ते ऐकून तुम्ही परत आलात आणि घरात येण्याआधी भाभीच्या दारात जाऊन तिला जसंच्या तसं सांगितलंत. मला आठवतं, तुमची मान खाली होती, जसा तो कायदा तुम्हीच केला होता. मग तुम्ही दुसरी वाट काढलीत. एसटीत अपंगांना सवलतीचा पास मिळतो, त्यासाठी तुम्ही भाभीला आणि तिच्या मुलीला ठाण्याला नेलंत, दाखला काढलात, अर्ज लिहिलात, तिला पास मिळवून दिलात. माझा पास मात्र तुम्ही काढला नाहीत. माझं तुम्ही नेहमी पूर्ण तिकीट काढायचात. का, ते मी विचारलं नाही. तुम्ही विसरला असाल असं मला वाटलं.

दोन वर्षांनी हेडक्लार्क निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत तुम्ही बसलात. पगार वाढला, महागाई भत्ता वाढला, आणि फेब्रुवारीच्या पगारातून पहिल्यांदा तुमचा टॅक्स कापला गेला. आईनं शिरा केला होता. "आता आपण टॅक्सवाले झालो," असं म्हणून तुम्ही हसलात. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. एरवी स्टेटमेंटं माझ्याकडून लिहून घेणारे तुम्ही, स्वतःचं मात्र गुपचूप एकट्यानं लिहून टाकलं होतंत. रविवारी सकाळी फळीवरचे कागद आवरताना त्याची नक्कल माझ्या हातात आली. विमा होता, प्रॉव्हिडंट फंड होता. अपंग अवलंबितांचा रकाना कोरा होता. त्यात एक आडवी रेघसुद्धा नव्हती.

पायाला आधार देणाऱ्या माझ्या कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्या तेव्हा गंजल्या होत्या आणि बूट दोन बोटं आखूड पडत होता. मी आत चिंध्या कोंबून कॉलेजला जायचे आणि घरी आल्यावर कंबर धरून बसायचे. तुम्हाला ते दिसत होतं. नव्या कॅलिपरला पैसे नाहीत, जरा थांबू, असं तुम्हीच म्हणाला होतात. तो कागद घेऊन मी स्वयंपाकघरात आले आणि लूमच्या वर आवाज चढवून बोलायला लागले. सगळ्या शाळेची सूट तुम्ही शोधता आणि माझी सोडून देता. तुम्हाला माझी लाज वाटते का, असं मी विचारलं, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले. माझे ते शब्द पूर्ण चाळीत ऐकू गेले.

आई तव्यावर भाकरी तशीच ठेवून आमच्याकडे बघत होती. ती शेलार गावची, तिचं बोलणं शेवटपर्यंत गावचंच राहिलं. ती म्हणाली, "कागूद काय बोलतो ते ऱ्हाऊ द्या. पोरीचा पाय दुखतो हाय."

तुम्ही चष्मा काढलात. एरवी खडखडाटात विरून जाईल इतक्या हळू आवाजात तुम्ही बोललात. "त्या दाखल्यावर डॉक्टर लिहितो की या मुलीला चारचौघांसारखं कमावून खाणं जमणार नाही. ते वाचून मी खाली सही करायची. मला नाही जमणार, बाळा."

मी म्हटलं, नुसतं कागदावर लिहिल्यानं काय होतं.

तुम्ही म्हणालात, "मी आयुष्यभर कागदच लिहितोय. होतं."

त्यानंतर आपण जेवलो. वीज बराच वेळ आली नाही आणि त्या शांततेत आपल्याला एकमेकांच्या चावण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी नळावर भाभी भेटली. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवण्याचा तिचा स्वभाव नव्हता. माझी कळशी भरून देत ती म्हणाली, "तेरे बाबूजी के पास ना कहने के लिए कुछ तो है. हमको तो कोई पूछने भी नहीं आता." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी घरी येऊन ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही शाळेला निघाला होतात, छत्री हातात होती. तुम्ही छत्री परत खुंटीला अडकवलीत, थोडा वेळ उभे राहिलात, मग ती पुन्हा काढून निघून गेलात.

पुढच्या वर्षी जानेवारीत तुम्ही मला विचारलंत, दाखला काढला तर चालेल का तुला. मी हो म्हटलं. ठाण्याच्या त्या डॉक्टरांनी माझा पाय मोजला, कंबर बघितली आणि काय करतेस म्हणून विचारलं. बी.कॉम.ला आहे म्हटल्यावर त्यांनी शाबास म्हटलं आणि इंग्रजीत ते वाक्य लिहिलं. बाहेरच्या बाकावर बसून तुम्ही दाखला आधी माझ्या हातात दिलात. मी वाचला. तुम्ही तो परत घेतलात, वाचलात, चार घड्या घालून खिशात ठेवलात आणि मला उसाचा रस पाजलात. तुम्ही स्वतः घेतला नाहीत. येताना एसटीत तुम्ही पुन्हा पूर्णच तिकीट काढलंत.

त्या फेब्रुवारीत टॅक्स कापला गेला नाही. वाचलेल्या पैशांतून आता कॅलिपर येणार म्हणून मी रोज वाट बघत होते. एका संध्याकाळी तुम्ही रिक्षातून उतरलात तेव्हा तुमच्या हातात खोकं होतं, आणि तुम्ही ते घेऊन आपल्या दारात नाही, भाभीच्या दारात गेलात. हातानं फिरवायची शिलाई मशीन होती, पाय लागत नाही अशी. भाभी नको नको म्हणत होती आणि तिची मुलगी एव्हाना मशीनचं चाक फिरवून बघत होती. घरी आल्यावर तुम्ही मला समोर बसवलंत. "त्यांच्या आणि आपल्यामध्ये ही एक भिंत आहे," तुम्ही म्हणालात. "सरकारची रेष नेमकी त्या भिंतीतून गेली. त्यात त्या मुलीचा काय दोष?" तुझा बूटही करू, मी फंडातून कर्ज काढतोय, असं तुम्ही सांगितलंत, आणि दोन महिन्यांनी खरोखरच केलात. पण ते दोन महिने मी भाभीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज आला की मी कानावर हात ठेवायचे. तो दाखला माझ्या पायाचा होता, अण्णा. तुम्ही जे केलंत ते किती मोठं होतं हे मला कळत होतं आणि तरी मला ते नको होतं. तुम्हाला माझा राग दिसला असणार.

माझी पहिली नोकरी लागलेली तुम्ही पाहिलीत. नेमणुकीचं पत्र तुम्ही दाखल्यासारखंच चार घड्या घालून खिशात ठेवलंत आणि आठवडाभर शाळेत सगळ्यांना दाखवलंत. त्यानंतर तीन वर्षांनी तुम्ही गेलात. भाभीच्या मुलीनं ब्लाउज शिवले, परकर शिवले, मग दोन मुली हाताखाली घेतल्या. तुमच्या तेराव्याला ती रिक्षातून आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून माझ्यापेक्षा जास्त रडली. स्वतःच्या पोटापुरतं ती आजही कमावते. तिची कमाई रेषेच्या वर कधी गेली नाही, त्यामुळे तिच्या नावावर टॅक्सच्या सवलतीचा कागद माझ्याकडे कधी आला नाही.

गेल्या आठवड्यात वडप्याच्या गोदामात माल चढवणारा एक माणूस माझ्याकडे आला. त्याची बायको आंधळी आहे. गोदामातल्या सुपरवायझरनं त्याला सांगितलं की बायकोच्या नावावर टॅक्सची सूट मिळते. मी त्याची पगाराची चिठ्ठी बघितली आणि तुम्ही भाभीला सांगितलेलंच बोलले, टॅक्स कापलाच जात नाही, मग सूट कशातून मिळणार. त्यानं भाभीसारखा उलट प्रश्न विचारला नाही. त्यानं चिठ्ठी घडी केली, किती द्यायचे म्हणून विचारलं, आणि मी काही नको म्हटल्यावर निघून गेला. त्याला एसटीच्या पासाबद्दल सांगायचं माझ्या लक्षात आलं तोवर तो रस्त्यापलीकडे गेला होता. मला धावता येत नाही.

म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले. हे पत्र माझ्या टेबलाच्या खालच्या खणात राहील, तिथे कुणी हात घालत नाही. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी मी एकटीच ठाण्याला गेले आणि माझ्या स्वतःच्या टॅक्ससाठी नवा दाखला काढून आणला. त्यावर तेच वाक्य आहे, आणि ते खोटं ठरवणारी कमाई त्याच्या शेजारी मी स्वतःच्या हातानं लिहिते. ती सूट मी दरवर्षी घेते, अण्णा. आणि पूर्ण माझ्याकडेच ठेवते.