नातीच्या गणितासाठी तारण

अण्णा, तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी एकदाही भांडलो नाही. तुम्ही होतात तेव्हा तर मान वर करून बोलायची सोयच नव्हती. आज बोलणार आहे. अक्षर वाकडं येतं, बीपीची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही, पण बोलणार आहे.

तुमची पणती, म्हणजे माझ्या पोराची मुलगी, दहावीनंतर नांदेडहून आमच्याकडं लातूरला राहायला आली. आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना आता क्लासच क्लास झालेत. गावोगावची लेकरं इथं डॉक्टर व्हायला येतात. हिलाही त्याचसाठी पाठवलं होतं. हिनं बायोलॉजीच्या जोडीला हट्टानं गणित घेतलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. निकाल लागला आणि मेडिकलला मार्क कमी पडले. पोराचं नांदेडला मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. ते बंद ठेवून तो आला आणि बूट काढायच्या आधीच म्हणाला, "बाबा, हिला समजावा. एक वर्ष रिपीट केलं की नंबर लागतोय. पैसे मी भरतो."

"मला न्हाई करायचं रिपीट," पोरगी म्हणाली. "मला गणित शिकायचंय. पुण्याला पाच वर्षांचा कोर्स हाय. परीक्षा दिली मी, नंबर पण लागलाय."

"गणित शिकून काय होतीस? मास्तरीण?"

"होईन, न्हाईतर न्हाई होणार. अजून ठरवलं न्हाई."

"ऐका! पाच वर्षं शिकणार अन् म्हणे ठरवलं न्हाई. असं गिऱ्हाईक दुकानात आलं तर मी उभं करत न्हाई."

"मी कुठं गिऱ्हाईक म्हणून आलेय?"

तुमची सून पदरात तोंड घालून हसली आणि पोरगा जास्तच भडकला. मोबाइल काढून त्यानं तिथंच हिशेब मांडला. फी, होस्टेल, मेस, बँकेचं व्याज. मग म्हणाला, गणितात डिग्री घेतलेली त्याच्या मित्राची बायको कॉलेजात तासावर शिकवते, सुट्ट्यांत पगार बंद. पक्की नोकरी हवी तर संस्थावाले आधी पैसे मागतात. "बाबा, तिशीपर्यंत हप्ते फेडत बसंल ही. कर्जाची पोरगी कोण करंल? मेडिकलला लागले तर मी घर विकीन, पण गणिताला एक रुपया देणार न्हाई." हसणं विसरून तुमची सूनही त्याच्याच बाजूला गेली. "त्याचं खोटं हाय का?" म्हणून ती मला विचारायला लागली, जसं काही मी बँकेचा मॅनेजर.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. साध्या एसटीची वेळ मी चारचौघांना विचारतो. पोरगा नांदेडला परत गेला आणि मी बाहेर पडलो. क्लासच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी एक गणित शिकवणारा तरुण मास्तर रोज येतो, त्याला गाठलं. आधी त्याला वाटलं मी ॲडमिशन विचारतोय. मग म्हणाला, "आजोबा, माझं बरं चाललंय. पण क्लास बदलला की पगार बदलतो. अन् खरं सांगू? ज्या गणितासाठी मी शिकलो ते इथं कुणी विचारत न्हाई. इथं लवकर सोडवायची ट्रिक विचारतात." मी घरी येऊन आपल्या सवयीनं तोलायला बसलो. बाजारात पोती तोलणाऱ्या आपल्यासारख्या मापाड्याला पहिल्या दिवशी शिकवतात की भरल्या पोत्याचं वजन धरायचं, मग रिकाम्या बारदानाचं वजा करायचं. मिळकत धरली आणि एकेक वजा करत गेलो. व्याज, पुण्याची खोली, नोकरीविना जाणारी वर्षं. अण्णा, वजा करता करता पोत्यात काही उरलंच नाही. पोराचा हिशेब बरोबर होता. मी दोनदा केला, दोन्ही वेळेला बरोबर.

आणि तेव्हा मला तुमचा राग आला. पोराचा नाही, तुमचा.

आठवतंय? मी सातवीत आहे. आमचे गणिताचे मास्तर भर धान्यबाजारात, म्हणजे गंजात, आडतीच्या दुकानासमोर तुम्हाला शोधत आले आहेत. धोतराला भुसा लागू नये म्हणून सोगा हातात धरलाय. "पोरगा हुशार आहे, हायस्कुलाला घाला," म्हणतात. तुम्ही काट्यावरून नजरही हलवत नाही. "गुरुजी, मापाड्याच्या पोराला शंभरापर्यंत मोजता आलं की झालं. पुढच्या गणिताची कुणी मजुरी देतंय का?" आसपासचे हमाल हसले. मास्तरही कसनुसं हसले आणि गेले. पुढच्या सोमवारी मी काट्यावर उभा होतो. पहिलं पोतं चढलं आणि शाळेच्या सवयीनं मी मोठ्यानं म्हणालो, "एक!" तुम्ही सगळ्यांदेखत थोबाडीत दिलीत. "लाभ म्हण! माणूस वर्षभर राबून माल घेऊन आलाय, अन् त्याच्या तोंडावर एक म्हणतोस?"

त्यानंतर आयुष्यभर मी पहिल्या तोलाला लाभच म्हणालो. लाभ, दोन, तीन. ढीग किती भरेल ते शेतकऱ्याला ठाऊक नसायचं, मलाही नसायचं. कितीदा तर भाव असा पडलेला असायचा की हमाली-तोलाई जाऊन त्याच्या हातात काय राहील असं वाटायचं. तरी पहिलं पोतं चढलं की लाभ. नातीला मी मोजायला शिकवलं तेही असंच. नांदेडच्या शाळेत बाईंनी फळ्यावर एक काढून विचारलं, हे काय, तर ही म्हणाली, लाभ. सगळा वर्ग हसला, बाईंनी पोराला बोलावून घेतलं, आणि पोरानं मला फोनवर झापलं. सुट्टीत आली तेव्हा मी म्हणालो, बाई, इथून पुढं एकच म्हणत जा. तर सहा वर्षांची ती मला म्हणाली, "आबा, अजून मोजलंच न्हाई तर लाभ झाला कसं कळतं?" मी तिला शेंगा सोलायला बसवलं. त्याचंच उत्तर शोधायला ती गणिताकडं गेली असं म्हणणं म्हणजे उगाच मोठेपणा होईल. पण एवढं खरं, की असं विचारणारं माणूस आपल्या घरात आधी कुणी नव्हतं. असेल तर ते सातवीत काट्यावर उभं केलं गेलं.

म्हणून सांगतो, अण्णा, तुमचं मी मानत नाही. दुसऱ्याच्या पहिल्या पोत्याला लाभ म्हणायला लावलंत आणि स्वतःच्या पोराच्या वेळी आधी वजाबाकी केलीत. घरात खाणारी तोंडं होती, मला माहीत आहे. मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. पण तुमचा तो हिशेब माझ्या पोरानं जसाच्या तसा उचललाय, तुम्हाला त्यानं पाहिलंसुद्धा नाही तरी. तो हिशेब माझ्यापाशी थांबायला पाहिजे होता, थांबला नाही. आता तिच्यापाशी तरी थांबू दे.

काम सोडताना मला फंडाचे पैसे मिळाले होते. ते बँकेत ठेव म्हणून पडून आहेत. पोरगा दोन वर्षांपासून मागतोय, दुकानात माल भरायला. मी द्यायचं कबूलही केलं होतं. परवा नातीला घेऊन मी बँकेत गेलो. कर्ज तिच्या नावावर, जोडीला माझं नाव, आणि ठेव तारण. कर्जाच्या टेबलावरच्या मॅडम पोरीच्याच वयाच्या वाटल्या. मी त्यांना तेच तेच विचारलं. हप्ता कधीपासून? शिक्षण झाल्यावर. मी मधे गेलो तर? ठेव तारणच राहील. आणि तिला नोकरी लागली नाही तर? मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तर ठेव कर्जात वळती होईल, आजोबा. म्हणून नीट विचार करा. मुलगी गणित शिकून काय होणार?"

"ते तिलाच अजून ठाऊक न्हाई," मी म्हणालो.

"मग तुम्ही कशावर सही करताय?"

नात माझ्याकडं बघत होती. तिनं एकदाही आग्रह केला नव्हता, घरी नाही, तिथंही नाही. फक्त म्हणाली, "आबा, राहू द्या. खरंच राहू द्या." मी म्हणालो, "तू गप. मॅडम, सही कुठं करायची ते दाखवा." जिथं जिथं फुली होती तिथं केली. दोन ठिकाणी नाव रेषेबाहेर गेलं. चालतंय म्हणाल्या.

काल ती पुण्याला गेली. तुमच्या सुनेनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि गाडी हलेपर्यंत मला टाकून बोलली. हे पत्र कुठं टाकायचं नाही, गादीखाली राहील. तुमच्याशी एवढ्या मोठ्या आवाजात भांडलो खरा. पण पोराला अजून सांगितलेलं नाही. त्याला वाटतंय पोरगी कुठून तरी स्कॉलरशिप मिळवून गेली, तसं मीच फोनवर बोललो. रविवारी तो ठेवीचे पैसे न्यायला येतोय.