पितरपाटात आलेला लखोटा

१३ सप्टेंबर १९५७, दवनीवाडा
धानाच्या निंदणात वीस दिवस वही उघडली नाही. चुकलं माझं. आज लिहिणं भाग आहे. भंडाऱ्याच्या सरकारी शिवणशाळेतून यमूच्या नावाचा लखोटा आला. लेकीला विधवा होऊन दोन वर्षं झाली. सातवी पास आहे, अर्ज तिनेच केला होता. वर्षभर कापड बेतणं, मशीन चालवणं शिकवतात, मग दाखला.
यमू शेतात, धानाच्या बांधीत होती. धाकटा भाऊ धोंडबा म्हणाला, "दादा, पितरपाट चालू आहे. नवा कागद फोडतेत काय आता?" पटलं. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये. न फोडता देवाजवळ ठेवला. यमूला सांगितलं नाही. ती लगेच फोडेल.

१८ सप्टें.
"बाबा, डाक आली का?" रोज तेच. नाही म्हणतो. आज ओरडलो, "डाकवाला माझा नोकर आहे काय?" मग जेवण गेलं नाही.

२४ सप्टें., घट बसले
हळदकुंकू लावून लखोटा यमूच्या हाती दिला. तिने फोडला. आत लिहिलेलं: सोळा तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला. आठ दिवस उलटून गेले!
"कवा आला हा?"
सांगितलं.
"मी रोज विचारून राहिली होती, बाबा! सरकारले पितर असतेत काय?"
धोंडबा हसला. "बरंच झालं. विधवेले शाळा कायले? बिड्या वळ म्हणा घरी." लोटा फेकला त्याच्यावर. लागला नाही, याचं वाईट वाटतं. पण लखोटा दाबून ठेवला कोणी? मीच. चौथीपर्यंत शिकलो, तारीख वाचता येते. त्याच दिवशी फोडला असता तर...

२७ सप्टें.
यमू माझ्यापुढे ताट आदळते, जाते. परवा भंडाऱ्याला जातो म्हटलं. "मीबी येतो." एवढंच म्हणाली.

२९ सप्टें.
भंडारा. कारकून म्हणे, "बुढे बाबा, सीट भर गई." टेबलावर हात आपटला. शिपाई बाहेर काढत होता तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. पितरपाटाचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. यमूला म्हणाल्या, "एक मुलगी अजून आलेली नाही. तिची आठ दिवस वाट पाहू. वचन देत नाही." यमू म्हणाली, "तोवर वर्गात मागे उभी राहून पाहू द्या."
यमू भंडाऱ्यातच तिच्या मावसबहिणीकडे राहिली. मी एकटा परतलो.

९ ऑक्टो.
आठाचे दहा दिवस झाले. पत्र नाही. धोंडबा विचारतो, "काऊन दादा, मास्तरीण झाली काय लेक?" राग कोणाकोणावर काढू? सकाळी मनात आलं, त्या न आलेल्या पोरीच्या बापानेही लखोटा दाबून ठेवला असेल. ठेवू दे, अजून ठेवू दे. असं आलं मनात. थू माझ्यावर.
आताच कार्ड लिहिलं: यमू, माझ्याशी बोलू नको हवं तर. पण आत घेतलं का अजून उभीच आहेस, तेवढं कळव. लवकर कळव.