लाल रंगवलेली शेतं

मंगळवार, संध्याकाळ. बोरिवली.

चहा दोनदा गार झाला, तरी नकाशा समोरच आहे. गोराईच्या शेतकऱ्यांना बसवून मीच तो करून घेतला. खाडीचं खारं पाणी जिथे बांध फोडून भातात शिरतं, तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने लाल रंग भरला. कोणी काही लपवलं नाही. मीच म्हटलं होतं ना, खरं दाखवा, म्हणजे सरकारकडे नवा बांध मागता येईल.

आज ऑफिसात साहेबांनी नकाशा पाहिला आणि सहज विचारलं, "म्हणजे ही एवढी जमीन शेतीतून गेल्यातच जमा ना?"

नाही सर, बांध घातला तर पिकते, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण मोबाइलवर फोटो काढला तो लाल भागाचाच. कोणाला पाठवला असेल? रिसॉर्टवाले तिथे किती वर्षं टपून बसलेत! की मीच उगाच घाबरतेय?

लाल पुसला तर बांध कोण देणार? आणि ठेवला तर... उद्या नकाशा साहेबांकडे द्यायचाच आहे.

आत्ता फिलोमावशीचा फोन आला. तिचं शेत अगदी खाडीला लागून. मला वाटलं, हिला कळलं की काय. तर म्हणते, "अगं, त्या दिवशी माझ्या शेतात रंग जरा फिकाच लागला. तू चांगला गडद कर हां. म्हणजे आमचा बांध पहिला होईल."

"हो मावशी," म्हणाले.

लाल पेन हातात आहे. टोपण काढवत नाहीये.