मायच्या शुगरचा लेख

देवपूर, धुळे
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय नवलभाऊ,

नमस्कार. वहिनींचे गुडघे आता बरे असतील. आम्ही ठीक आहोत. पुण्याच्या दुकानदाराची ऑर्डर पक्की होत आली, असं वहिनींकडून कळलं. बरं वाटलं असं लिहायला बसले, पण हात चालेना. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझ्या कच्च्या केळीच्या पिठाच्या वेबसाइटकडे आधी कुणी फिरकत नव्हतं. मग मी लिहायला लागले. केळी सोलताना हात काळे होऊ नयेत म्हणून काय करावं, या पिठाची थालीपीठं का तुटतात. लोक गूगलवर जे विचारतात त्याचं खरं उत्तर मिळालं, की ते थांबतात, वाचतात आणि पीठही मागवतात. हळूहळू येऊ लागले होते, भाऊ. तुलाच धीर नव्हता.

दिवाळीनंतर मला न विचारता तू माझ्या नावाने लेख टाकलास. आमच्या मायची शुगर या पिठाने गेली, गोळ्या सुटल्या. वर मायचा फोटो. वेबसाइटवर झुंबड उडाली. मी भांडले, तेव्हा म्हणालास, पुण्याची ऑर्डर हातात येऊ दे, मग काढू.

गेल्या आठवड्यात शिंदखेड्याहून कुंदाबाईंचा फोन आला. लेखाखाली माझाच नंबर आहे. त्यांचे यजमान सुकदेवआबा यांनी तो लेख वाचून गोळ्या बंद केल्या आणि दोन्ही वेळा आपल्या पिठाची भाकरी सुरू केली. शेतात बेशुद्ध पडले. आता इथेच धुळ्याच्या दवाखान्यात आहेत. मी गेले. शुद्धीवर आलेत, पण शुगर वाढल्याने पायाची जुनी जखम चिघळून काळी पडली आहे. पाय राहील का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

कुंदाबाई रडल्या नाहीत. मोबाइलवरचा मायचा फोटो माझ्यासमोर धरून त्यांनी एवढंच विचारलं, "तुन्ही माय खरंच बरी व्हयनी व्हती का?"

"नाही," मी म्हणाले. "शेवटपर्यंत इंजेक्शनवर होती."

त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

तिथल्याच जिन्यात बसून मी तो लेख काढला. त्या जागी खरं लिहिलं. माय इंजेक्शन घ्यायची. पीठ हे जेवण आहे, औषध नाही. कुणी गोळ्या सोडल्या असतील तर आजच डॉक्टरांकडे जा. लोक अजून त्याच पानावर येताहेत, त्यांना हे वाचू दे. ऑर्डर गेली तर जाऊ दे. तू हे पुसलंस, तर मी दुसरीकडे लिहीन.

अजून एक आहे, घरात कुणालाच सांगितलेलं नाही. तो लेख मीच लिहिला, असं कुंदाबाई समजतात. नाव माझंच आहे ना. मी खुलासा केला नाही. त्यांची लेक मला म्हणाली, इथे पुन्हा येऊ नका. तरी मी दाराशी डबा ठेवून येते.

तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. ते तू येऊन, आबांच्या खाटेपाशी उभं राहून सांगायचं आहेस. जळगावहून धुळं लांब नाही.

जिच्या नावाने तू लिहिलंस,
ती तुझी बहीण
नूतन